जे-१ व्हिसावर अमेरिकेत 'रिटेल फार्मसी ट्रेनी' : एजंट म्हणतोय ते खरं आहे का?

बार्शीलाइट

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचक आहे. पहिलाच धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

मी बी.फार्म., २०२१ ची. बार्शीत आमचं मेडिकल आहे, बाबांनी सुरू केलेलं. पदवीनंतर सव्वा वर्ष पुण्यात एका मोठ्या साखळीच्या मेडिकलमध्ये फार्मासिस्ट होते. मग बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि परत आले. तेव्हापासून दुकान मीच बघते, लायसनवर रजिस्टर्ड फार्मासिस्ट म्हणून नावही माझंच आहे.

मागच्या महिन्यात पुण्यातल्या एका एजंटशी गाठ पडली. त्याच्याकडे न्यू जर्सीतल्या एका फार्मसीत 'रिटेल अँड फार्मसी ट्रेनी' अशी जागा आहे म्हणे. जे-१ व्हिसा, अठरा महिने, तासाला १७ डॉलर. काम काय, तर काउंटरवर औषधं देणं आणि उरलेल्या वेळात दुकान सांभाळणं. "तुम्ही इथे तेच तर करताय, मॅडम." आणि एकदा तिथे पोचलं की मालकच एच-वन (म्हणजे नोकरीचा व्हिसा) करून देतो. सगळे मिळून साडेचार लाख. त्यातले पंचवीस हजार टोकन मी देऊन बसलेय. (हो, माहितीये. ओरडू नका.)

असं काम या व्हिसावर खरंच करता येतं का? घरच्या दुकानातला अनुभव धरतात का? आणि ते 'दोन वर्षं भारतात परत यावंच लागतं' प्रकरण नक्की काय आहे? एजंट म्हणतो ते सोडून द्या, आम्ही बघतो.

खडूसआजोबा

पंचवीस हजार गेले असं समजा. सव्वाचार लाख वाचले म्हणून पेढे वाटा.

कागदी_वाघ

आजोबा, थांबा जरा. व्हिसा खोटा नाहीये. जागा जशी सांगितली आहे तशी खोटी आहे. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या नाहीत तर दादांचं पुढचं सगळंच चुकेल.

जे-१ हा नोकरीचा व्हिसा नाही. १९६१ च्या एका कायद्याखाली चालणारा शैक्षणिक-सांस्कृतिक देवाणघेवाणीचा कार्यक्रम आहे, आणि तो अमेरिकेचं परराष्ट्र खातं बघतं, कामगार खातं नव्हे. त्यात प्राध्यापकांपासून मुलं सांभाळणाऱ्या 'ओ पेअर'पर्यंत बरेच प्रकार येतात. आपल्याला लागू पडतात ते दोन, इंटर्न आणि ट्रेनी. शिकत असाल किंवा पदवी घेऊन बारा महिने झाले नसतील तर इंटर्न, आणि तो जास्तीत जास्त वर्षभर. पदवी आणि त्याच क्षेत्रातला अमेरिकेबाहेरचा किमान एक वर्षाचा अनुभव असेल तर ट्रेनी, जास्तीत जास्त अठरा महिने. पदवी नसेल तर पाच वर्षांचा अनुभव लागतो. तुमची २०२१ ची पदवी म्हणजे इंटर्नची दारं बंद, ट्रेनीची उघडी. इथपर्यंत एजंट बरोबर बोलतोय.

पुढे नाही. ट्रेनी-इंटर्नच्या नियमांत सरळ लिहिलं आहे की रुग्णाची काळजी किंवा रुग्णाशी संपर्क येईल अशा कामावर ठेवायचं नाही, आणि त्यात औषध देणं हे शब्द टाकून नमूद केलंय. म्हणजे खिडकीवर उभं राहून चिठ्ठी बघून औषध हातात देणं हे तुम्ही कितीही शिकलेले असलात तरी या व्हिसावर बसत नाही.

मग 'उरलेल्या वेळात दुकान सांभाळणं'? तेही नाही. अकुशल कामं कोणती, याची यादी नियमांना परिशिष्ट म्हणून जोडलेली आहे. तिच्यात कॅशियर आहे, साधा सेल्स क्लार्क आहे, गोदामातला माणूस आहे, पॅकिंग करणारा आहे. यातलं काही ट्रेनीला द्यायचं नाही. कारकुनी काम एकूण वेळाच्या वीस टक्क्यांच्या वर जाता कामा नये.

म्हणजे एजंटने सांगितलेल्या कामातून ही दोन कलमं वजा केली, तर काय उरलं ते मोजा.

बार्शीलाइट

दादा नाही, ताई. :)

उरलं ते म्हणजे विमानाचं तिकीट.

कागदी_वाघ

क्षमस्व ताई. 'बार्शीलाइट' वाचून रेल्वेप्रेमी पुरुष आयडी वाटला.

खडूसआजोबा

अवांतर: बार्शी लाइट रेल्वेने मी लहानपणी पंढरपूरला गेलोय. चालती गाडी सोडून उतरून शेंगा घ्यायच्या आणि पळत जाऊन परत चढायचं. तुमचा एजंटही त्याच वेगाने पैसे परत देईल.

कट्ट्यावरचा_कंपाउंडर

न्यू जर्सीत गेली एकवीस वर्षं फार्मासिस्ट आहे म्हणून लिहितो. (आयडीवर जाऊ नका, वडील खरंच कंपाउंडर होते.)

इथल्या फार्मसीत काउंटरमागे तीन प्रकारची माणसं असतात. फार्मासिस्ट, त्याच्या हाताखालचा टेक्निशियन, आणि फार्मसीचं शिक्षण घेणारा इंटर्न. हा इंटर्न म्हणजे राज्याच्या बोर्ड ऑफ फार्मसीकडे नोंदवलेला इंटर्न, जे-१ चा इंटर्न नव्हे. दोन्हीकडे शब्द एकच, आणि एजंट लोक नेमके त्या फटीत पाय रोवून उभे असतात. टेक्निशियनलासुद्धा न्यू जर्सीत बोर्डाकडे नोंदणी लागते. आपल्याकडे लायसन भिंतीवर टांगून मालकाचा भाचा गोळ्या देतो, तसं इथे चालत नाही. मालक गुजराती असो की मराठी.

आता तुमच्या पदवीचं. परदेशी फार्मासिस्टला आधी एफपीजीईसी प्रमाणपत्र घ्यावं लागतं. कागदपत्रांची तपासणी, टोफेल, आणि एफपीजीईई नावाची परीक्षा. मग राज्य सांगेल तितके तास इंटर्नशिप, मग नॅप्लेक्स ही लायसनची परीक्षा, बहुतेक राज्यांत वर कायद्याचा पेपर. पण मेख पहिल्याच पायरीवर आहे. १ जानेवारी २००३ नंतर पदवी घेतली असेल तर अभ्यासक्रम किमान पाच वर्षांचा हवा. आपलं बी.फार्म. चार वर्षांचं. माझी पदवी १९९९ ची, त्यामुळे मी जुन्या नियमात सुटलो. माझ्यापेक्षा कितीतरी हुशार मुलं फक्त नंतर जन्मली म्हणून अडकली. भारतात २००८ पासून सहा वर्षांचं फार्म.डी. सुरू झालं, ते केलेल्यांना दार उघडतं.

एच-वनचं गाजर तर पूर्णच विसरा. फार्मासिस्टच्या पदावर एच-वन होतो, पण त्यासाठी इथलं लायसन हातात लागतं. टेक्निशियनच्या कामाला पदवी लागत नाही, म्हणून त्यावर एच-वन बसत नाही. शिवाय लॉटरी आहे. वर्षाला पासष्ट हजार, आणि इथे मास्टर्स केलेल्यांसाठी वेगळे वीस हजार. वर सप्टेंबर २०२५ मध्ये देशाबाहेरून येणाऱ्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरची फी बसवली. कोपऱ्यावरच्या फार्मसीचा मालक तुमच्यासाठी हे करील? तो दिवाळीला पेढ्यांचा अर्धा किलोचा बॉक्स देताना दोनदा विचार करतो.

आणि एकूण धंद्याची हवा बघा. राइट एड ही केवढी मोठी साखळी होती. २०२३ मध्ये दिवाळखोरी, २०२५ मध्ये पुन्हा दिवाळखोरी, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये उरलेल्या सगळ्या दुकानांना टाळं. आमच्या गावातली तिची फार्मसी गेली तेव्हा तिथले पेशंट आमच्याकडे आले, माणसं मात्र वाढवली नाहीत. परवा दुपारचा डबा संध्याकाळी साडेसहाला उघडला.

अबोली_७७

ताई, फार्मासिस्टच व्हायचं असेल तर कॅनडा बघितलंत का? इथे चार वर्षांचं बी.फार्म. चालतं. पीईबीसीकडे (फार्मासिस्टच्या परीक्षा घेणारं इथलं मंडळ) कागदपत्रांची तपासणी, इव्हॅल्युएटिंग परीक्षा, मग क्वालिफाइंग परीक्षेचे दोन भाग (त्यातला एक प्रत्यक्ष संवादाचा, खोट्या पेशंटशी बोलून दाखवायचं), आणि शेवटी त्या त्या प्रांताची नोंदणी. मला साडेतीन वर्षं लागली, मध्ये एक बाळ झालं. सोपं नाही, पण निदान वाट कुठे जाते ते दिसतं.

बार्शीलाइट

अबोलीताई, धन्यवाद, व्यक्तिगत निरोप (व्यनि) करते. पण खरं सांगू का, मला आयुष्यभर तिकडे राहायचं नाहीये. बाबांनंतर दुकान मलाच चालवायचंय. बार्शीत गेल्या तीन वर्षांत दोन साखळीवाले आले, वीस टक्के सूट लावून बसलेत. मोबाइलवरून औषधं मागवणारे वेगळेच. मोठी दुकानं आतून कशी चालतात ते मला बघायचं होतं. म्हणूनच 'ट्रेनी' शब्द ऐकून भुलले.

सोळाआणे

हे आधी का नाही सांगितलंत! मग तुम्ही अगदी योग्य दारात उभ्या आहात, बेल फक्त चुकीची दाबलीत.

मी २०१८-१९ मध्ये जे-१ ट्रेनी होते. मूळची कोल्हापूरची, बी.कॉम. आणि एमबीए, त्याआधी तीन वर्षं एका सुपरमार्केट साखळीत खरेदी विभागात. अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेतल्या एका किराणा साखळीच्या मुख्य कार्यालयात मला कॅटेगरी मॅनेजमेंट शिकायला ठेवलं होतं. म्हणजे कोणता माल कुठल्या फळीवर, किती रुंदीत, डोळ्यांच्या उंचीला कोण आणि पायाशी कोण. त्याचा नकाशा असतो, त्याला प्लॅनोग्राम म्हणतात. आपल्याकडे दुकानदार हे हाताच्या सवयीने करतो, तिथे एकेका कप्प्यामागे विक्रीचे आकडे असतात.

ट्रेनीगिरीत खरा कागद एकच, डीएस-७००२. प्रशिक्षणाचा आराखडा. डीएस-२०१९ सगळ्यांना माहीत असतो कारण व्हिसाला तो दाखवावा लागतो, पण तुमचं दीड वर्ष कसं जाणार ते सात हजार दोनमध्ये असतं. त्यात टप्पे पाडायचे. प्रत्येक टप्प्यात काय शिकणार, कोण शिकवणार, त्या माणसाची स्वतःची पात्रता काय, कशा पद्धतीने शिकवणार, शिकलात हे कसं मोजणार, सगळं लिहायचं. त्यावर तुमची सही, कंपनीची सही, स्पॉन्सरची सही. स्पॉन्सर म्हणजे कंपनी नव्हे बरं का. परराष्ट्र खात्याने मान्यता दिलेली ती मधली संस्था असते, डीएस-२०१९ तीच देते. तुमची मुलाखतही घेते, व्हिडिओवर, इंग्रजी किती येतं ते बघायला. कंपनीला म्हणतात होस्ट.

मला या कागदाची किंमत चौथ्या महिन्यात कळली. थँक्सगिव्हिंगच्या आधीचा आठवडा, दुकानांत मरणाची गर्दी. आमच्या साहेबांनी सांगितलं, "दोन आठवडे जवळच्या दुकानात जा, अनुभव मिळेल." अनुभव म्हणजे रजिस्टरवर उभं राहून बिलं मारणं. पहिले दोन दिवस मजा वाटली, खोटं कशाला बोलू. टर्की किती किलोची असते ते तेव्हा कळलं. तिसऱ्या दिवशी मॅनेजरने जानेवारीपर्यंतचं वेळापत्रक लावलं आणि त्यात माझं नाव होतं. रोज आठ तास, रजिस्टर नंबर सहा.

रात्री घरी येऊन डीएस-७००२ काढलं. टप्पा दुसरा: 'हंगामी मालाच्या मागणीचा अंदाज'. त्या पानाचा फोटो, वेळापत्रकाचा फोटो, आणि चार ओळींचं पत्र स्पॉन्सरला. रडगाणं गायलं नाही. 'आराखड्यात हे आहे, सध्या हे चालू आहे, पुढे काय करावं?' एवढंच. दोन दिवसांत त्यांचा होस्टला फोन गेला. सोमवारी मी परत कार्यालयात. साहेब आठवडाभर तुटक बोलत होते, मग विसरले. घाबरले होते मीही, परत पाठवतील म्हणून. पण सहा महिन्यांपेक्षा लांब कार्यक्रमात मध्यावर आणि शेवटी लेखी मूल्यमापन स्पॉन्सरकडे जातंच. तिथे होस्टलाही उत्तर द्यावं लागतं.

त्यामुळे एजंटला एवढंच विचारा: स्पॉन्सरचं नाव काय आणि डीएस-७००२ चा मसुदा कुठे आहे? मान्यताप्राप्त स्पॉन्सरांची यादी परराष्ट्र खात्याच्या जे-१ च्या संकेतस्थळावर सगळ्यांना दिसते. तिच्यात ते नाव शोधा आणि त्यांना थेट ईमेल करा.

मुंबईचा_पाऊस

वाचनखूण साठवली आहे. उत्तम प्रतिसाद.

पेठेतला_परदेशी

माझा भाऊ नुकताच मुंबईत बीकेसीला अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये मुलाखत देऊन आला (जे-१ च, पण हॉटेलवाला, त्यांना बाराच महिने मिळतात). ताजी माहिती अशी की जून २०२५ पासून एफ, एम (विद्यार्थ्यांचे व्हिसा) आणि जे वाल्यांना सोशल मीडियावरची सगळी खाती सार्वजनिक करून ठेवायला सांगतात. भावाने कुलूप काढलं तेव्हा घरातल्या सगळ्यांनी त्याचे २०१४ चे गॉगलवाले फोटो पाहिले. ते दुःख वेगळं.

खर्च: व्हिसाची फी १८५ डॉलर, सेव्हिसची (परदेशी विद्यार्थी-ट्रेनींची सरकारी नोंद) २२० डॉलर. हे सरकारी. स्पॉन्सरची फी वेगळी, ती ज्याची त्याची. विमाही लागतो, त्याची किमान अट ठरलेली आहे. एका आजारपणाला किंवा अपघाताला एक लाख डॉलरचं संरक्षण, आजारी माणसाला मायदेशी हलवायला पन्नास हजार, आणि मृतदेह परत पाठवायला पंचवीस हजार. ही शेवटची ओळ आईला वाचून दाखवू नका. आमच्याकडे दोन दिवस जेवण झालं नाही.

मुलाखत तीन मिनिटं. त्याला विचारलं, "परत येऊन काय करणार?" तो म्हणाला, काकांच्या हॉटेलात. "किती खोल्या?" बावीस. "पासपोर्ट ठेवून जा." म्हणजे मिळाला. त्याच्या पुढच्या मुलाला काम काय करणार ते नीट सांगताच आलं नाही, तर २१४(बी) चा, म्हणजे नकाराचा, कागद हातात. ताईंचं दुकान हे तिथे मोठं भांडवल आहे, खरंच सांगतो.

खडूसआजोबा

आमच्या वेळी कॉन्सुलेट ब्रीच कँडीला होतं. पहाटे चारला रांग, आणि रांगेत जागा धरून देणारी मुलं पैसे घ्यायची. त्या काळचे एजंट तेच. निदान उभे तरी राहायचे.

कागदी_वाघ

ताईंचे दोन प्रश्न राहिलेत.

घरच्या दुकानाचा अनुभव: नियमात 'घरचं चालत नाही' असं कुठे नाही. अडचण पुराव्याची आहे. बाबांच्या सहीचं पत्र कोणीही आणतो. तुमच्याकडे त्याहून भक्कम कागद आहे: आपल्या राज्याच्या एफडीएचं (अन्न व औषध प्रशासन) फॉर्म २० आणि २१ चं लायसन, ज्यावर तुमचं नाव आहे. सोबत महाराष्ट्र फार्मसी कौन्सिलची नोंदणी, पगार बँकेतून घेत असाल तर त्या नोंदी, आणि आयकराची विवरणपत्रं. पुण्याची नोकरी सव्वा वर्षाची असेल तर तिच्या अनुभवपत्रावरच एक वर्षाची अट भागते. ते पत्र आजच काढून ठेवा, साखळीवाल्यांचा एचआर दर सहा महिन्यांनी बदलतो.

दोन वर्षांचा नियम: कलम २१२(ई). अमुक देशाला अमुक कौशल्यं कमी आहेत अशी एक यादी होती, भारत तिच्यात होता, म्हणून कित्येकांना दोन वर्षं परत येऊन राहावं लागायचं. ९ डिसेंबर २०२४ ला यादी नव्याने काढली आणि भारत तिच्यातून वगळला, तोही मागच्यांना लागू होईल असा. त्यामुळे यादीमुळे तुम्हाला ती अट लागत नाही. सरकारी पैशावर गेलात तर लागते, ते तुमच्या बाबतीत नाहीच. मात्र लोक याच्यात आणखी एक गोष्ट कालवतात. एकदा ट्रेनी होऊन आलात की पुन्हा ट्रेनी म्हणून जाण्याआधी दोन वर्षं अमेरिकेबाहेर काढावी लागतात. ते वेगळं कलम, ते आहे तसंच आहे.

आणि होस्ट लहान असेल, म्हणजे पंचवीसपेक्षा कमी माणसं किंवा वर्षाची उलाढाल तीस लाख डॉलरच्या आत, आणि त्या स्पॉन्सरकडे पूर्वी कधी ट्रेनी घेतलेला नसेल, तर स्पॉन्सरला प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहणी करावी लागते. एजंटच्या त्या फार्मसीत कोणी गेलंय का, विचारा.

बार्शीलाइट

विचारलं. आधी चार दिवस फोन उचलला नाही. मग स्पॉन्सरचं नाव 'गोपनीय' आहे म्हणाला. मी म्हटलं, मग टोकनही परत द्या आणि तेही गोपनीय ठेवते. तेव्हा काल रात्री व्हॉट्सअॅपवर डीएस-७००२ चा मसुदा पाठवला. स्पॉन्सरचा रकाना कोराच. होस्टच्या रकान्यात फार्मसी नाही, तिसऱ्याच कुठल्या तरी 'कन्सल्टिंग' कंपनीचं नाव. मजकुराचं मराठीत सांगते:

टप्पा १ (६ महिने): दुकानाच्या कामकाजाची ओळख. टप्पा २ (६ महिने): दुकानाच्या कामकाजाची सखोल ओळख. टप्पा ३ (६ महिने): दुकानाच्या कामकाजात नैपुण्य.

आणि फोनवर सांगितलं, "मुलाखतीत काउंटर हा शब्द काढायचा नाही. मॅनेजमेंट म्हणायचं."

कट्ट्यावरचा_कंपाउंडर

दुकानाच्या कामकाजाची सखोल ओळख! सहा महिने ओळख, सहा महिने सखोल ओळख. लग्न जमवताय की काय.

गंमत बाजूला. ते शेवटचं वाक्य सगळ्यात वाईट. कागदावर एक आणि काम दुसरं असं करून व्हिसा घेतला आणि पकडलं गेलं, तर भोगावं तुम्हाला लागतं. एजंट बार्शीत, पुण्यात, कुठेही सुखात असतो. खोटी माहिती देऊन व्हिसा घेतल्याचा ठपका अमेरिकेच्या नोंदीत कायमचा बसू शकतो. पुढे पर्यटक म्हणून यायचं म्हटलं तरी आडवा येतो.

सोळाआणे

आणि कामावरच्या कंपनीऐवजी मध्ये भलतीच कंपनी असेल तर तिथेच फाइल मिटा. सही करणारा होस्ट तोच हवा जो तुम्हाला शिकवणार आहे.

ताई, आता उलट करा. होस्ट काय देतो ते सोडा, तुम्हाला काय शिकायचंय ते लिहा. बी.फार्म. आणि दुकान, दोन्ही वापरता येईल आणि पेशंटशी संबंध येणार नाही अशी कामं आहेत. फार्मसी साखळ्यांच्या किंवा मोठ्या सुपरमार्केटच्या कार्यालयात चिठ्ठीशिवायच्या औषधांची, म्हणजे ओटीसीची, खरेदी आणि मांडणी. औषधांच्या वितरकाकडे साठा आणि पुरवठा. औषध कंपनीत गुणवत्ता किंवा नियामक विभाग, पण ते तुमच्या दुकानापासून लांब जातं. स्पॉन्सर बहुतेक वेळा होस्ट शोधून देत नाहीत. तो आपणच शोधायचा आणि त्यांच्याकडे न्यायचा. मी सत्तरेक ईमेल पाठवले होते. उत्तरं आली नऊ, त्यातली सहा 'जे-१ म्हणजे काय?' अशी. तेव्हा एका पानावर जे-१ समजावून सांगणारं टिपण जोडायला लागले, मग जरा बरं झालं.

पगाराच्या चिठ्ठीवर लक्ष ठेवा. जे-१ ट्रेनीला साधारण पहिली दोन कॅलेंडर वर्षं सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरची कपात लागत नाही, मिळून ७.६५ टक्के होतात. माझे पहिले पाच पगार कापूनच आले. पगार विभागातल्या बाईंनी जे-१ कधी पाहिलाच नव्हता. त्यांनीच पुढे परत दिले, नाहीतर आयआरएसकडे, म्हणजे तिथल्या आयकर खात्याकडे, फॉर्म ८४३ भरावा लागला असता. आयकर मात्र लागतोच, आणि विवरणपत्र १०४०-एनआर.

नवशिक्या_नंदू

माझं डी.फार्म. झालंय, अनुभव नाही. मला जे-१ मिळेल का? प्लीज रिप्लाय फास्ट.

कागदी_वाघ

नंदू, निकाल लागून बारा महिने झाले नसतील तर इंटर्न म्हणून विचार होऊ शकतो. पण वर सांगितलेली बंधनं तुलाही तितकीच लागू, काउंटर नाहीच. आणि घाई असेल तर हा रस्ता नको, नुसते कागद जमवायलाच महिने जातात.

खडूसआजोबा

नंदूला आधी वर जाऊन धागा वाचायला सांगा.

बार्शीलाइट

अपडेट: वीस हजार परत आले. पाच हजार 'फाइल चार्जेस'. बाबा म्हणाले, पाच हजारांत एवढं शिकायला मिळालं तर स्वस्तच. त्यांनी सगळा धागा वाचला, चष्मा कपाळावर ढकलून. कंपाउंडरकाकांचा पेढ्याचा बॉक्स वाचून मोठ्याने हसले.

सोळाआणे ताई, तुम्ही सांगितल्याप्रमाणे मला काय शिकायचंय ते लिहून पाहिलं. मराठीतच लिहिलंय, इंग्रजी नंतर करीन:

"आमच्या दुकानात दर महिन्याला एक खोकं एक्सपायरीचं निघतं. तारीख संपायच्या आधी ठरलेल्या मुदतीत स्टॉकिस्टला कळवलं तर तो माल परत घेतो, नाहीतर तोटा आमचा. बाबा हे एका वहीत लिहितात. वहीत औषध सापडतं, पण तारखेच्या क्रमाने सापडत नाही. पावसाळ्यात ओआरएस आणि तापाच्या गोळ्या किती मागवायच्या हे बाबांना आभाळ बघून कळतं, मला कळत नाही. मोठ्या साखळीत शेकडो दुकानांचा साठा, परतीचा माल आणि हंगामाचा अंदाज कसा बांधतात, आणि त्यातलं दहा बाय पंधराच्या दुकानात काय वापरता येईल, ते मला शिकायचं आहे."

जास्त साधं झालं का?

सोळाआणे

जरा म्हणजे जरा बदलू नका. याचे तीन टप्पे आपोआप पडतात: परतीचा माल, साठा, हंगामी अंदाज. इथे मुदत संपलेली औषधं परत घेणाऱ्या वेगळ्या कंपन्याच असतात, रिव्हर्स डिस्ट्रिब्युटर म्हणतात त्यांना. पहिले ईमेल त्यांनाही पाठवा. तिथे पेशंट दूरदूरपर्यंत नसतो. इंग्रजी मसुदा झाला की व्यनि करा, मी बघते.

कट्ट्यावरचा_कंपाउंडर

आमच्याकडून महिन्याला असा माल घेऊन जाणारा एक जण आहे. शुक्रवारी येतो. त्यांच्या कार्यालयात कोणाशी बोलायचं ते विचारून ठेवतो. आणि बाबांच्या वहीच्या दोन पानांचा फोटो काढून ठेवा ताई. मुलाखतीत "परत येऊन काय करणार" विचारलं की तोंडाने सांगायला तीच उपयोगी पडेल.

बार्शीलाइट

वही देत नाहीयेत. म्हणतात, उधारीपण त्यातच लिहिलीये.